राहिलेली पाठवणी

बाहुली पुढ्यात ठेवली तरी त्या बाईंनी तिला हात लावला नाही. पदराचं टोक मुठीत धरून नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही माझी सून."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"खरंच सांगते. माझ्या बाहुल्याशी लग्न लागलंय हिचं. अंतरपाट, मंगलाष्टकं, लाडू, सगळं झालं होतं. पाठवणी तेवढी राहिली."

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेत किल्ला भागात आमचं घर आहे. मी आयुष्यभर दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या करत आलो. एकदा एका डॉक्टरांच्या आईंच्या बाहुलीचा तुटका हात कवळीच्या गुलाबी मसाल्यानं जोडून दिला आणि तिथून मला नाद लागला. कामातून मोकळा झालो तेव्हा घरात पस्तीस बाहुल्या होत्या. सेल्युलॉइडच्या, लाकडाच्या, चिंध्यांच्या, चिनी मातीच्या. माझी बायको शैलजा पाहुण्यांना सांगायची, "या घरात माणसं दोन आणि डोळे चौऱ्याहत्तर."

त्यांतली सगळ्यांत जुनी ही. जर्मन बनावटीची, शंभरीला टेकलेली. डोकं चिनी मातीचं, अंग लाकडाच्या लगद्याचं. सांगलीच्या सबनीस वकिलांच्या बंगल्यातून मी ती आणली होती. वकील जाऊन जमाना झाला होता. त्यांची अविवाहित मुलगी नलिनी एकटी त्या बंगल्यात राहायची, तीही वारली. पुण्याचा भाचा मिलिंद घर रिकामं करायला आला होता. त्यानं भांड्यांच्या ढिगातून बाहुली काढून माझ्या हातात दिली. तिची खरी किंमत त्याला ठाऊक नव्हती. मला होती. मी बोललो नाही.

चार महिने मी तिच्यावर काम केलं. मिटून बसलेले डोळे पुन्हा हलते केले, तीन बोटं नवी घडवली, आतलं कुजलेलं इलॅस्टिक बदललं. मग एका स्थानिक दैनिकाच्या पुरवणीत तिचा फोटो आणि माझ्यावर लेख छापून आला. तो वाचून या बाई जयसिंगपूरहून आल्या होत्या. रत्नमाला खटावकर, वय अठ्ठावन्नच्या आसपास. गळ्यात शिवणकामाची टेप तशीच राहिली होती. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं म्हणाल्या.

"माझे वडील त्यांच्या घरचे शिंपी," त्या सांगू लागल्या. "महिन्यातले आठ दिवस त्यांच्या ओसरीवरच मशीन मांडून बसायचे. मी बरोबर असायची. नलू आणि मी एका वयाच्या. तिची ही गोरी बाहुली, आणि माझा अप्पांनी कापडाच्या तुकड्यांचा करून दिलेला बाहुला. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही यांचं लग्न लावलं. नलूची आई, आजी, शेजारच्या बायका, सगळ्या आल्या होत्या. हिला अप्पांनी हिरवा शालू शिवला होता. एवढासा, पण काठ जुळवून."

शैलजानं चहा आणून ठेवला. त्यांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"संध्याकाळी नवरीला आमच्याकडे पाठवायची होती. मी पाटावर रांगोळी काढून ठेवली होती घरी. पण त्या घरातली एक वस्तू हरवली आणि त्या गडबडीत सगळंच राहिलं. पुढे आम्ही सांगली सोडली. त्या घरी भांडी घासायला येणारी बाई नंतर आईला भेटली होती. म्हणाली, नलू त्या बाहुलीला आता कुणाला हातसुद्धा लावू देत नाही, कपाटाला कुलूप असतं." त्यांनी कप खाली ठेवला. "पेपरात लिहिलंय, तुम्ही हिचं डोकं उघडलंत म्हणून."

"उघडावंच लागतं. त्याशिवाय डोळे बसवता येत नाहीत."

"मग आत काही निघालं का?"

मी म्हणालो, "नाही."

"काहीच नाही? एखादी पुडी, चिंधी?"

"धूळ होती थोडी."

त्यांनी मान हलवली. पिशवी उचलली, शैलजाला नमस्कार केला, आणि काही लागलं तर असावा म्हणून एका चिठ्ठीवर आपला पत्ता लिहून देऊन त्या गेल्या.

मी खोटं बोललो होतो. अशा बाहुल्यांचं डोकं वरून उघडंच असतं. भोकावर पुठ्ठ्याचं झाकण, त्यावर केसांचा टोप. हिचा टोप सोडवताना मला दिसलं, की बाकी सगळीकडे मूळचा सरस आहे, पण उजव्या कानामागे टोप कुणीतरी उचकटून पुन्हा चिकटवलाय, आणि तोही भातानं. वाळून खडा झालेली शितं स्पष्ट ओळखू येत होती. पुठ्ठा काढला तर आत कापूस ठासलेला, आणि कापसात जुन्या कॅलेंडरच्या पानाची पुडी. पुडीत नथ होती. बाहुलीची नव्हे, बाईमाणसाची. बसरा मोत्यांची, मधोमध लाल खडा.

मिलिंदला मी फोन केला नाही. केला असता तर बाहुलीबद्दलही त्यानं विचारपूस केली असती, आणि तिची किंमत किती हे त्याला कळलं असतं. बाहुली माझी, मग तिच्या पोटातलंही माझंच, असं मी स्वतःला समजावलं. नथ आणि पुडीचा कागद एका डबीत घालून डबी हत्यारांच्या कपाटात ठेवून दिली. शैलजाला एकटीला दाखवली होती.

बाई गेल्यावर शैलजा कपबशा उचलायला आली. कप भरलेलाच होता.

"त्यांनी चहा घेतला नाही," ती म्हणाली. एवढंच बोलून ती आत गेली.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मी मात्र तीन दिवस कामाला हात लावू शकलो नाही. बाईंना नथ हवी असणार, त्यासाठीच त्या आल्या होत्या, असं मी मनाशी घोकत होतो. पण पटत नव्हतं. ज्याला वस्तू हवी असते तो वस्तूचं नाव घेतो, खुणा सांगतो, भांडतो. या बाईंनी नथ हा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता. मी नाही म्हटल्यावर त्यांचं तोंड कसं मिटलं, ते मला दिसत राहिलं. तीस वर्षं मी लोकांची तोंडं बघत आलोय.

चौथ्या दिवशी सकाळी डबी खिशात घालून मी जयसिंगपूरची बस पकडली.

घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं. एक मशीन, भिंतीला खुंट्यांवर टांगलेली ब्लाउज. त्या हात-शिलाई करत होत्या. मला बघून त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली आणि स्टूल पुढे केलं.

मी बसलो आणि डबी उघडून त्यांच्या समोरच्या फळीवर ठेवली.

"त्या दिवशी मी खोटं बोललो."

"ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "नाही म्हणायच्या आधी तुम्ही कपाटाकडे बघितलंत."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुमच्या घरात बसून तुम्हाला चोर म्हणू?" त्या नथीकडे बघत होत्या, पण हात लावत नव्हत्या. "तो शब्द मी कुणाला म्हणत नाही."

बाहेर कुणीतरी ब्लाउज न्यायला आलं. त्यांनी उठून ते बांधून दिलं आणि परत येऊन बसल्या. मग सावकाश, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

नथ नलूच्या आईची. नवरीला घालायची म्हणून नलूनं ती आईच्या पेटीतून न विचारता काढली आणि दोऱ्यानं बाहुलीच्या नाकाशी बांधली. लग्न लागलं, लाडू वाटले, आणि संध्याकाळी बघतात तर नथ नाही. वकील घरी आले. त्यांनी नलूला विचारलं, बाहुलीला शेवटचा हात कुणी लावला? नलू म्हणाली, रतननं.

"मीच लावला होता. पदर नीट करायला. ते खरंच होतं." त्या थांबल्या. "मग आमच्या घराची झडती झाली. ज्वारीचे डबे पालथे केले. अप्पांच्या मशीनचं खोकं उपसलं. पोलिसांत देणार होते. अप्पांनी हातापाया पडून मशीन त्यांच्या ओसरीवर ठेवलं, भरपाई म्हणून. आणि घरी येऊन मला मारलं. कापड मोजायच्या गजानं. आठ वर्षांची होते मी. काढ कुठे ठेवलीस, एवढंच म्हणत होते. माझ्याजवळ नव्हतीच, तर काढू कुठून?"

"आणि वडील आता?"

"आत आहेत. ऐंशी पूर्ण झाली. आई गेल्यापासून माझ्याकडेच असतात. मी एकटीच त्यांची." त्यांनी सुई कापडातून काढली आणि पुन्हा टोचली. "भाऊ, मला नथ नको. बाहुलीपण नको. अप्पा आज-उद्याचे. त्यांनी जायच्या आधी त्यांना कळावं, एवढ्यासाठी आले होते तुमच्याकडे."

मी उठायला लागलो. त्यांनी मला हातानं थांबवलं. त्यांच्या कपाळावर एकदम आठी पडली होती.

"पण बाहुलीच्याच डोक्यात निघाली म्हणता?"

"हो."

"आणि बाहुली त्या संध्याकाळी आमच्याकडे यायची होती." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "ते म्हणतील, तूच लपवलीस तिच्यात. नवरीबरोबर घरी येईल म्हणून."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मग मी डबीच्या तळाशी घडी करून ठेवलेला कागद काढला. रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरचं पान होतं ते. मोठा काळा आकडा नऊ. खाली मंगळवार. वर जानेवारी १९६२.

"यात गुंडाळलेली होती. तुमचं लग्न कधी झालं होतं? बाहुल्यांचं?"

"तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे नोव्हेंबर." त्यांनी पान हातात घेतलं. "आम्ही त्याच आठवड्यात सांगली सोडली. जानेवारीत आम्ही इथे होतो. संक्रांतीला आईनं शेजारणीकडून तीळ आणले होते, आठवतंय मला." मग त्या पानावरून अंगठा फिरवत राहिल्या. मशीनवर काम करून त्यांच्या अंगठ्याचं नख कापल्यासारखं झालेलं होतं. "चला," त्या म्हणाल्या.

आतल्या खोलीत खिडकीखाली कॉट होती. अप्पा उशीला टेकून बसले होते. अंगानं वाळलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, पण बंडीची बटणं वरपर्यंत लावलेली.

"अप्पा, मिरजेहून आवटी आलेत. सबनीसांच्या घरातली बाहुली त्यांनी दुरुस्त केलीय."

"कुणाची?"

"नलूची."

त्यांचा चेहरा बदलला नाही. फक्त हात पांघरुणावर स्थिर झाला. मी त्यांच्या तळव्यावर नथ ठेवली.

त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली नाही. बोटांनी चाचपली, शिंपी दोरा चाचपतो तशी. एकेक मोती सावकाश सरकत गेला.

"नऊ," ते म्हणाले. "आणि मधी खडा. तांबडा हाय का?"

"लाल आहे."

"कुठं होती?"

मी सगळं सांगितलं. डोक्यावरचं झाकण, भातानं चिकटवलेला टोप, कापूस. मग कॅलेंडरचं पान वाचून दाखवलं. त्यांनी तारीख पुन्हा विचारली. मी पुन्हा सांगितली.

"जानेवारी," ते म्हणाले. "तवा आपण हितं आलोवतो."

"हो, अप्पा," रत्नमालाबाई म्हणाल्या. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. आत आल्या नव्हत्या.

अप्पांची बोटं मोत्यांवरून फिरत होती. मग ते हळूच म्हणाले, "पोरीला नंतर घावली आसंल. परकराच्या घडीत, न्हाईतर गादीखाली. सांगावं तरी कसं? वकिलाचा दरारा लई. भ्याली आसंल बिचारी. केवढी ती? आठ वर्साची. लहान पोरं भ्याली की लपवत्यात. त्यात वाईट न्हाई काय."

"तिच्यासाठी किती लगेच सुचलं तुम्हाला, अप्पा," रत्नमालाबाई म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता. स्वयंपाकघरातून भाजीबद्दल काही सांगावं तितक्याच आवाजात त्या बोलल्या. मला त्या खोलीतून उठून जावंसं वाटलं, पण दारात त्याच उभ्या होत्या.

"मी काय कवा तुला म्हनलं का तसं?" अप्पा म्हणाले. "त्या दिसानंतर एकदा तरी नाव काढलं का?"

"नाही काढलं. पण घरात कुणाचं लग्नकार्य निघालं, आईची पेटी उघडायची वेळ आली, की तुम्ही मला पाण्याला पाठवायचात. प्रत्येक वेळी. माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा. हळद लागलेली होती मला, तरी म्हणालात, रतन, जरा घागर भरून आण."

अप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कवळी नव्हती तोंडात. ओठ आत गेले.

"व्हय," ते म्हणाले. "पाठवायचो."

मग त्यांनी हात पुढे केला. तो हात कुठे जातोय हे त्यांना दिसत नसावं. तो मशीनच्या खोलीच्या दिशेनं, हवेतच राहिला. रत्नमालाबाई एकदम पुढे आल्या नाहीत. त्या तशाच उभ्या होत्या, आणि मी जमिनीकडे बघत होतो. मग त्यांची पावलं माझ्या समोरून गेली. कॉटच्या कडेला त्या बसल्या.

अप्पांनी त्यांचा हात धरून उताणा केला, त्यात नथ ठेवली आणि बोटं मिटवली.

"ही त्यांच्या घरी देऊन यायची. दुसऱ्या कुणी न्हाई. तू जा. आणि जाईस्तवर तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे."

"आवटीभाऊंकडे देते, ते नेतील."

"न्हाई," अप्पा म्हणाले. "तुझ्याजवळ."

मी फोन केला तेव्हा कळलं, शनिवारी मिलिंद सबनीस पुण्याहून सांगलीला येणार होता. ते दोन दिवस नथ रत्नमालाबाईंकडे होती. नंतर त्यांनी मला सांगितलं, की त्या दोन दिवसांत अप्पांनी एकदाही, कुठे ठेवलीस, असं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्यांनी अचानक विचारलं होतं, "गज लागलावता का गं लई?" त्या म्हणाल्या, "आता काही आठवत नाही, अप्पा." मला त्यांनी दुकानात सांगितलं होतं, पाठीवरचा वळ संक्रांत येईपर्यंत दिसत होता.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं सांगलीला गेलो. बंगल्याला विक्रीची पाटी लागली होती. ओसरीवर रिकामी खोकी रचलेली होती. पायरी चढण्याआधी रत्नमालाबाई क्षणभर थांबल्या, आणि ओसरीच्या डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे त्यांच्या वडिलांचं मशीन असायचं, हे न सांगताही मला कळलं.

मिलिंद फोनवर बोलत बाहेर आला. चाळिशीचा, सभ्य माणूस. मी त्याला आधी माझं सांगितलं. नथ बाहुलीत सापडली, चार महिने मी ती ठेवून घेतली, आणि बाहुलीची किंमतही मी त्याला खरी सांगितली नव्हती. बाहुली परत न्यायची असेल तर न्यावी.

तो माझ्याकडे बघत राहिला. "बाहुली राहू दे," तो म्हणाला. "माझ्या मुलीला भीती वाटते तिची. पण हे तुम्ही बरं नाही केलंत, आवटी."

"नाही केलं," मी म्हणालो.

त्यानंतर त्यानं मला कधी फोन केला नाही. त्याच्या आत्याच्या आणखी दोन बाहुल्या होत्या, त्या त्यानं दुसऱ्याला दिल्या. मी मात्र तेव्हापासून कुणाचीही बाहुली उघडायची झाली, की मालकाला समोर बसवतो. आतून निघेल ते निघेल. लोकांना वाटतं, आवटींना हौस आहे दाखवायची.

रत्नमालाबाईंनी कमरेच्या पिशवीतून रुमालाची घडी काढली, उलगडली आणि पुढे धरली. आपण कोण, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. "मी रेळेकर शिंप्यांची मुलगी. तुमच्या आजीची नथ इथून हरवली होती, ती ही."

मिलिंदला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. नथ हरवली होती हेसुद्धा नव्हतं. त्याच्या आईनं, आजीनं, आत्यानं कधीच, कुणीच ती गोष्ट घरात काढली नव्हती. "अरे वा," तो म्हणाला, "थँक्यू हां, काकू. एवढ्या लांबून आलात." आणि नथ शर्टाच्या खिशात टाकायला लागला.

"थांबा," रत्नमालाबाई म्हणाल्या. "मोती बघून घ्या."

"अहो, राहू द्या. माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"तसं नको. नऊ आहेत. बघून घ्या."

तो माझ्याकडे बघून अवघडल्यासारखा हसला. मग ओसरीच्या कडेला, उजेडात जाऊन तो बोटानं मोती मोजू लागला. रत्नमालाबाई ताठ उभ्या राहून त्याच्या बोटाकडे बघत होत्या. चौथ्या मोत्यावर त्याचा फोन वाजला, म्हणून त्यानं तो बंद केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"नऊ," तो म्हणाला. "बरोबर आहेत."

"बरोबर आहेत ना?"

"हो, काकू. सगळे आहेत."

"मग येते मी," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून फाटकाकडे चालू लागल्या.